परतीचं भाडं

रात्री सव्वाअकराला जालन्याहून गफूरशेठचा फोन:
सळई आहे, हैदराबाद, टनाला पंधराशे,
ॲडव्हान्स आत्ता टाकतो, हो म्हण.
मी वसमतच्या मोंढ्यात, केबिनला पाठ टेकून,
नाकात हळद, बनियनवर हळद,
खिशातल्या नोटासुद्धा हळद लागलेल्या
नवरदेवासारख्या.

इकडं सांगली आहे. टनाला बाराशे साठ.
ऐकणारा म्हणेल, यात विचार तो काय करायचा?

विचार अयोध्या करते.
तिच्या वहीत दर फेरीला तीन रकाने:
भरलेलं, रिकामं, थांबलेलं.
तिसरा रकाना मागून वाढला,
हैदराबादच्या ट्रान्सपोर्ट नगरात मी
चार दिवस गाडीखाली चटई टाकून
परतीच्या भाड्याची वाट बघत पडलो होतो, त्या उन्हाळ्यात.
"चाक थांबलं तरी हप्ता चालतोच की,"
फोनवर एवढंच बोलली, आणि पट्टी लावून रेघ मारली.
रेघेचा आवाज मला तिकडं ऐकू आला.

वसमत ते जालना दीडशे किलोमीटर रिकामं जायचं.
रिकामी गाडी फार बोलते.
फाळक्याची साखळी, पान्यांची पेटी, जॅक,
सगळे एकदम तोंड उघडतात.
पुढं सळई काट्यावर दीड टन जास्त भरणार,
गफूरशेठ म्हणणार, होऊन जाईल.
होऊन जातं. चलन माझ्या नावावर.

सांगलीहून परतीला कुपवाडचं पशुखाद्य, उदगीरपर्यंत.
भाव हलका, पण गाडी गप्प राहते.

आणि एक गोष्ट, जी दलालाला सांगायची नसते.
नांदेड, लातूर, सोलापूर, रस्ता सरळ तुळतुळीत.
मी परभणी, गंगाखेड, परळी धरतो.
बावीस किलोमीटर जास्त.
अंबाजोगाईच्या अलीकडं पंक्चरच्या टपरीपुढं
बाजेवर बसलेला असतो उस्ताद खय्युम.
सात वर्षं मी याच्या हाताखाली क्लीनर.
काच पुसताना पाठीमागून सांगायचा,
"भाडा मत देख, व्यंकट. वापसी देख.
जाने को तो सब जाते."
आता रात्रीचं त्याला दिसत नाही, दिवसाचं थोडंच.
पण गाडी वळणावर असतानाच पोराला सांगतो,
"व्यंकट आया. भरके आया."
आणि मी खाली उतरायच्या आत:
"बायाँ, पिछला, अंदरवाला. हवा देख."

पहिल्यांदा वहीत लाल पेनानं आलं: २२ कि.मी., कुठं?
मी म्हणालो, रस्ता खराब होता.
तिनं नुसतं बघितलं.
मग त्या पौषात आतल्या टायरात बोटाएवढा खिळा निघाला,
रिमोल्डचं टायर, येडशीच्या घाटात बसलं असतं.
तेव्हापासून ती स्वतःच लिहिते,
देखभाल: खय्युमभाई, हवा. खर्च शून्य.
बावीस किलोमीटरचं डिझेल कुठं लिहिते
मी विचारत नाही.

गफूरशेठ पुन्हा: "सोळाशे. शेवटचं."
सोळाशेला माझी जीभ जरा हलली, खोटं कशाला बोलू.
घरी फोन लावला. जागीच होती.
"रिकामं धरलं का?"
धरलं.
"थांबलेलं?"
मी गप्प.
"मग मला कशाला उठवलं?"

तीनशे विसावं पोतं आत गेलं.
हमाल बिडी पेटवून पायरीवर बसले.
ताडपत्री ओढली, दोर आवळला,
टॉमी घेऊन डावीकडचं मागचं, आतलं टायर
ठोकून बघितलं.
मला तरी आवाज बरोबर वाटला.
पण माझे कान अजून कच्चे आहेत.
पहाटेपर्यंत अंबाजोगाई.
कळेल.