तेरा माणसांचा डाव

वडगावात माग सुरू झाले की
आमच्या फळीवरची भांडी हलायची.
त्या आवाजात माझी पहिली भाकरी फाटली.
मी बैलहोंगलची, भाकऱ्या मोजायची कन्नडात,
ओंदु, एरडु, मूरु…
थोरली जाऊ द्रौपदाक्का मराठीत.
चुलीच्या धुरात दोन मोजण्या शेजारी शेजारी चालायच्या
आणि टोपलीत एकाच आकड्यावर भेटायच्या.
इप्पत्तार. सव्वीस.
तेरा माणसं, माणशी दोन,
सूत उचलणाऱ्या लुमाण्णाला तीन,
पुट्टीला एक, तीही अर्धी मांजराची.

शनिवारी बाजार उठताना ती पिशवी घेऊन निघायची.
वांग्यांकडं नुसतं बघायचं, भाव विचारायचा नाही.
नवलकोल विकणाऱ्या पाला मोडून टाकतात,
तो आपला.
कुदळ लागलेली रताळी आपली.
"तुटलं म्हणून गोडी जाते काय गे?"
सोमवारी हुलगे शिजायचे,
पाणी गाळून त्याचं कढण, दाण्यांची उसळ,
आणि मंगळवारी पहाटे माडगं,
गुळाचा खडा बोटाच्या पेराएवढा.
लसूण मोजून. तेल चमच्यानं नाही, थेंबानं.

एकदा रेशनची पावती मी वाचली.
पस्तीस किलो, कन्नडात स्वच्छ छापलेलं.
पोत्यात बत्तीस.
मी परत गेले, भर रांगेत दुकानदाराशी भांडले,
माझ्या भाषेत, तिच्या तांदळासाठी.
तीन किलो डोक्यावरून आणले.
त्या रात्री तिनं न बोलता
आमटीचा डाव माझ्या हातात दिला.

एक गोष्ट मात्र मला पटत नव्हती.
नाव द्रौपदा, आणि ही बाई आधी जेवायची.
दिवेलागणीच्या अगोदर, चुलीपुढं पाट घेऊन,
दोन भाकऱ्या, आमटी, कारळ्याची चटणी,
चटणीवर तेलसुद्धा.
दार सताड उघडं.
गल्लीतल्या बायका बघून जायच्या,
सासूबाई भिंतीकडं तोंड करायच्या.
माझी आई पातेलं पुसून खायची
आणि त्याचा तिला अभिमान होता.
मी आईची मुलगी. मी शेवटी बसायची.

मग सूत यायचं थांबलं.
सतरा दिवस माग गप्प, भांडी फळीवर गप्प.
भाकऱ्या एकोणीसवर आल्या.
मी माझ्या दोन्ही सोडल्या, कुणाला कळू न देता,
आणि डाव घेऊन वाढायला उभी राहिले.
मला वाटत होतं, मी फार मोठं काहीतरी करतेय.
भरमाभावजींच्या ताटात वरचं पाणी गेलं.
नणंदेच्या पोरांना पाणी.
पुट्टीच्या वाटीत तळाचं घट्ट, दोनदा.
मी मुद्दाम नव्हतं केलं. देवाशपथ नव्हतं.

द्रौपदाक्का उंबऱ्यातून बघत होती.
सगळे उठल्यावर म्हणाली,
"भुक्या हातानं वाढू नये गे. डाव वाकतो.
कुणाकडं वाकतो, ते हातालाबी कळत न्हाई."
आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
तिच्या पाटाशेजारी एक पाट जास्त.
एकोणीसमधली दीड माझी, दीड तिची.
दार उघडंच.
घास गिळेना मला. लाज वाटत होती.
ती मात्र सावकाश चावत होती,
कामाला निघालेल्या माणसासारखी.

आता घरं वेगळी झाली.
ती मच्छेला, शटुप्पाकडं.
माझ्याकडं गॅस, चार माणसं,
अजून अंदाज चुकतो, आमटी उरतेच.
संध्याकाळी साडेसातला, कुणी यायच्या आत,
मी ताट घेते.
पुट्टी कॉलेजातून येते, चप्पल काढता काढता म्हणते,
"आई, तू आधी?"
मी भाकरी मोडते.
ओंदु.