दातावर मारायला

चौतीसशे पौंड.
हप्त्यांनी दिले तर महिन्याला एकशे बेचाळीस,
दोन वर्षं.
रिसेप्शनवरची मोराग हे इतक्या हलक्या आवाजात सांगते
जणू कुणी गेल्याची बातमी आहे.

आमच्या घरी म्हणायचे,
दातावर मारायला पैसा नाही.
तो खरोखरच नव्हता,
म्हणून दात उगवले तसे राहिले.
वरचा डावा सुळा मागून चढलेला,
पुढचे दोघे एकमेकांच्या अंगावर रेललेले,
पंगत भरल्यावर आलेल्या पाहुण्यांसारखे.

कऱ्हाडचा फोटोग्राफर म्हणाला होता,
वहिनी, तोंड मिटून हसा. छान दिसतं.
मी मिटलं.
बावीस वर्षं झाली.
पासपोर्टवर मिटलेलं, ऋताच्या बारशात मिटलेलं,
औषधांच्या खिडकीमागे गळ्यात लटकणाऱ्या ओळखपत्रावर
मिटलेलं.
हसू यायच्या आधी हात वर जातो.
डंडीत कुणी कधी काही बोललं नाही.
इथे दातांबद्दल बोलत नाहीत,
हवेबद्दल बोलतात.

वेटिंग रूममध्ये सगळी शाळकरी पोरं.
शेजारची बाई विचारते, तुमचा आत गेलाय का?
नाही, म्हणते मी, मीच जायचीय.
तिला लगेच आठवतं की दुपारी वारा वाढणार आहे.
समोरचा टाय सैल केलेला मुलगा मात्र
ओठ उचलून दाखवतो. तारा. हिरवे रबर.
तीन दिवस दुखतं, सांगतो,
मग नुसतं भुकेलं वाटतं.
इतकं खरं मला या गावात
बऱ्याच दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर इन्सच्या फॉर्मवर कारणांचे चौकोन आहेत.
चावताना त्रास. दिसणं. इतर.
मी इतरवर खूण करते
आणि पुढच्या कोऱ्या रेघेपाशी अडकते.
काय लिहू?
जुलैत ऋताला पदवी मिळाली,
कुणीतरी आमची क्लिप काढली,
सगळे खिदळतायत,
आणि माझ्या जागी
एक हात आहे.

रेघ कोरीच ठेवते.

तुमच्या भाषेत काहीतरी बोला, डॉक्टर म्हणते,
जीभ कुठे टेकते ते पाहू.
चमचा, म्हणते मी. चोच. चांदणं. जुनं. झोप.
ती आरशातून बघत राहते.
ही अक्षरं थोडे दिवस घसरतील, म्हणते.
घसरू देत.
ताय नदीच्या या काठावर ती ऐकणारा
एकच माणूस आहे,
आणि तो टीव्ही मोठा करून बसतो.

तो माणूस, श्रीपाद, रात्री भांडी पुसताना म्हणाला,
आता या वयात?
मग बराच वेळ एकच ताट पुसत राहिला.
मला तो सुळा आवडायचा, म्हणाला.
बावीस वर्षांत बोलला नाहीस कधी.
तू दाखवलास कधी?

सोमवारी सकाळी नऊला बसवायच्या आहेत.
वर्ज्य पदार्थांची यादी फ्रिजवर लावलीय,
चिकट, कडक, चिवट,
म्हणजे माहेरून येतं ते सगळं.
रविवारी रात्री मी डबा उतरवला.
चिक्कीची तारीख मार्चमध्येच उलटली होती.
फुटाणे जरा नरमलेले.
बाहेर पाऊस नाही, काही नाही,
फक्त पुलावरचे दिवे
आणि एका सीगलचं उगाच ओरडणं.

चणे आहेत. दातही आहेत, वाकडे, सगळे.
श्रीपाद दारात येऊन उभा राहिला.
मी तोंडात मूठ कोंबलेली, गाल फुगलेले,
आणि दोन्ही हात गुळाने चिकट.
त्याने तो आवाज ऐकला,
कटकन,
आणि हसला,
आणि मीही.