निळी किटली

मंगळवारी टेग्वेन येते. घर हलकं करायचंय म्हणते,
आणि गल्ल्याशेजारी ठेवते
टवका उडालेली निळी किटली.

गुरुवारी येतो इदवाल, तिचाच नवरा.
टोपी न काढता कपबशा चाळवतो,
आणि नेमकी तीच उचलतो.
तीन पौंड.
"तिला बोलू नकोस."

मी कशाला बोलू?
दुकान उघडून जेमतेम दोन महिने झालेत.
आधी इथे खाटीक होता.
त्याचे आकडे अजून छताला आहेत,
आम्ही त्यांवर कोट टांगतो,
कुणाकुणाचे, बाह्या झिजलेले.

किटली आजवर सहा वेळा विकली गेली.
अठरा पौंड. म्हणजे
टेकडीपलीकडच्या शेडमध्ये
पुरात आई हरवलेल्या पाणमांजराच्या पिल्लाला
आठवडाभराचे मासे, जरा ताणून.
परवा ते वाटीच उलटी करून
तिच्यावर चढून बसलं म्हणे,
अजून द्या म्हणून.

आज टेग्वेन आली, पाऊस झटकत.
किटली ठेवली. जाता जाता दारात वळली.
"या खेपेला पाच लाव गं.
देईल तो. कुरकुरेल, पण देईल.
पिल्लाची भूक वाढलीय ना."

किमतीची चिठ्ठी डकवताना
हाताला कळलं,
किटली अजून कोमट होती.