गुरुवार, सकाळी दहा

स्वयंपाकघराच्या फळ्यावर यास्मिन बागवाननं लिहिलं होतं:
सायकल दुरूस्ती. मंगळवार, संध्याकाळी सहा.
जाता जाता मी अंगठ्यानं
दुसऱ्या उकाराचं शेपूट पुसलं,
खडूचा हात पदराला लावला
आणि चहा गाळून घेतला.

छत्तीस वर्षं हेच केलं.
शनिवार पेठेत, छापखान्याच्या जिन्याखाली
मी मोठ्यानं वाचायची, समोर दामलेकाका ताडून बघायचे:
पंचांगं, पोथ्या, पतपेढ्यांचे अहवाल.
आवाजाला चढ नाही, उतार नाही.
चालू वर्षी तोटा झाला अर्धविराम
तथापि सभासदांनी स्वल्पविराम...
लग्नपत्रिकाही तशाच वाचल्या.
स्वतःची वाचायची वेळ आली नाही,
तो वेगळा विषय. पूर्णविराम.

रविवारच्या बैठकीत
(अठ्ठावीस माणसं, बावीस खुर्च्या)
पाव शिकवणाऱ्या हेरंबनं विचारलं,
"फळा कोण तपासतंय?"
माझ्याकडं कुणीच बघितलं नाही,
म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.
इथं राहायचं तर जे येतं ते शिकवायचं.
पैसे नाहीत, पदवी नाही,
आणि ज्याची तक्रार, त्याचाच तास.
वार एकच शिल्लक होता.
गुरुवारी सुतारवाडीची वीज जाते,
म्हणून तो कुणी घेत नाही.

तिघं आले.
लालरिनपुई, मिझोरामहून आलेली,
आठ महिन्यांचं मराठी
गोधडीच्या टाक्यांसारखं जवळ जवळ घालणारी.
डिसले सर, निवृत्त भूमापक,
जे प्रत्येक तासाला येतात
आणि प्रत्येक तासाला झोपतात.
आणि दाराजवळ, नखांत ग्रीस, यास्मिन.
दहा वाजून चार मिनिटांनी पंखा थांबला.

"मावशी," ती म्हणाली,
"दीर्घ लिहिलं तरी चेन बसलीच की."

खरं होतं. त्याच चेनच्या जोरावर
तिनं मला मागं बसवून
पाषाणला दाताच्या डॉक्टरकडं नेलं होतं,
चढावर एकदाही न उतरवता.

उत्तर सुचेना. फळ्याकडं वळले.
लिहिलं: गुरू.
शेजारी: गुरुवार.

लालरिनपुईनं बोट वर केलं.
"इथे लांब, तिथे आखूड. का?"

"शब्द एकटा असला की शेवट दीर्घ," मी म्हणाले.
"पुढं कुणी जोडलं, समासात गेला,
की ह्रस्व."

हजारदा सांगितलेला नियम,
त्याच सपाट आवाजात.
पंखा बंद होता म्हणून असेल,
या खेपेला तो मला ऐकू आला.
खडू हातात तसाच राहिला.
डिसले सर झोपेत "बरोबर" म्हणाले.

मंगळवारी सहाला अंगणात
सायकल उलटी उभी होती, चाकं आभाळाकडं.
मी पाट घेऊन बसले.
यास्मिननं पाना दिला, जरा वेळ बघितलं,
मग माझ्या हातातच तो फिरवून सरळ केला.
काही बोलली नाही.
मीही बोलले नाही, हे नोंदवून ठेवते.
डाव्या पेडलचे आटे उलटे असतात,
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

आता फळ्यावर नवा आठवडा आहे.
रु ह्रस्व, अगदी आखूड, शेपूट आत घेतलेला.
आणि उत्साहाच्या भरात पुढची तीही ह्रस्व:
सायकल दुरुस्ति.

अंगठा वर गेला.
ग्रीसनं काळा होता.
फळ्यावर डाग पडला असता.
तसाच खाली आणला.

त्या शब्दापुढं जागा मोकळी आहे.
कुणी काही जोडणार असेल.