डी. प्रिचर्ड, खोली अकरा

बाळाच्या एकोणिसाव्या दिवशी गटार तुंबलं.
प्लंबर गॅरेथ परसात पालथा पडून
झाकणाखालून ओढत राहिला ओले पांढरे वाइप्स,
एकात एक अडकलेले, संपता संपेनात,
जत्रेतल्या जादूगाराच्या तोंडातून रुमाल निघतात तसे.
‘पाकिटावर काहीही लिहू दे,’ तो म्हणाला,
‘हे विरघळत नाहीत. या बाळाचं लग्न होईल
तरी हे इथेच असतील.’
आणि ऐंशी पौंडांची पावती
बाबागाडीच्या छत्रीवर ठेवून गेला.

चूक कुणाची, यावर आम्ही रात्रभर भांडलो.
बाळ मधे झोपलेलं,
म्हणून कुजबुजत.

सकाळी मी जुनेर शोधू लागले.
नीथमधल्या या घरात जुनेर नाही.
कापड जुनं व्हायला वर्षं लागतात,
आम्हाला येऊन दोनच हिवाळे झालेत,
टॉवेलसुद्धा अजून पाणी टिपायला तयार नाहीत.
मऊ असा एकच, चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट,
चॅरिटीच्या दुकानातून दोन पौंडांना आणलेला.
आधी हेरंब घालायचा,
पोट वाढल्यावर मी.

मिसेस बेव्हननी कुंपणावरून दिली नागमोडी कात्री.
तिने कापलं की कडा सुटत नाहीत, टीप घालायला नको.
वीतभर लांब, वीतभर रुंद.
पाठीतून सहा निघाले, बाह्यांतून चार-चार.
खिसा उसवला तर खालचा तांबडा रंग
कालच रंगवल्यासारखा.
कॉलर उलटली, तेव्हा दिसली पट्टी:
डी. प्रिचर्ड, खोली अकरा.

ही पट्टी मला ओळखता येते.
रजेवर येईपर्यंत मी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात
धुलाईखान्यात होते.
नवीन माणूस आलं की त्याच्या
सदऱ्यांत, बनियनांत, मोज्यांतसुद्धा नाव शिवायचं,
म्हणजे साठ अंशांच्या पाण्यात
कोण कुणाचं, ते हरवू नये.
ही माझ्या हातची नाही.
कुणीतरी घाईत, चार कोपऱ्यांना चार गाठी.

घड्यांची गाडी ढकलत जाताना
नजर वळवली तरी दिसायचं:
कुशीवर वळवलेली म्हातारी पाठ,
हातमोज्यातला तरुण हात,
‘झालंच हं, झालंच,’
आणि तो माणूस
भिंतीवरच्या कागदाची फुलं मोजत असलेला.

आइस्क्रीमच्या डब्यात कोमट पाणी घेतलं,
त्यात चमचाभर खोबरेल.
बाटली थिजलेली, ती आधी हीटरवर ठेवली
आणि विसरले, म्हणून दोन चमचे पडलं.
चौकोन बुडवले, पिळले, रचले.
रात्रपाळीहून आलेला हेरंब
डबा उघडून, चमचा हातात घेऊन
बराच वेळ नुसता बघत उभा.

बाळाला अजून नाव नाही.
नोंदवायला बेचाळीस दिवसांची मुदत, आज सव्विसावा.
हेरंबची यादी आहे, माझी आहे,
सासूबाई रोज एक अक्षर पाठवतात, रोज वेगळं.
घरात नाव शिवलेलं असं हे एवढंच.
उसवायला घेतलं होतं,
सुई पहिल्या गाठीत घातली,
मग दूध पाजायची वेळ झाली
आणि राहिलं ते राहिलं.

धुतलेले चौकोन रेडिएटरवर वाळतात,
खिडकीच्या काचेला घाम येतो.
खिशाखालचा तांबडाही आता इतरांसारखा झालाय.

पहाटे तीनला दिवा न लावता
डब्यात हात घालते.
बोटांना पट्टीचा कडकपणा लागतो
तेव्हा जरा थांबते. त्यांनाही गार लागत असेल.
चौकोन आधी स्वतःच्या गालाला लावून बघते,
मग इवल्या टाचा एका मुठीत धरून उचलते.
‘झालंच हं,’ म्हणते, ‘झालंच.’
बाळ अंधारात छताकडे बघत
काहीतरी मोजतंय,

आणि नेमकं तेव्हाच
माझ्या बाहीवर
पुन्हा शू करतं.