थंड हवेची नळी

वडनेर फाट्यावर, बाभळीला टांगलेल्या टायरखाली
ताराचंद उईकेनं माझ्या जुन्या एस्टीमचं बॉनेट उघडलं
तेव्हा सकाळचे सव्वाआठ झाले होते
आणि पान्याला उघड्या हातानं शिवायची सोय उरली नव्हती.

चार क्लिपा. तीन निघाल्या, चौथी तुटून
गवतात उडाली. "जाऊ द्या, आता कायले पायजे ते,"
म्हणत त्यानं कंपनीचा काळा डबा
वासरू ओढावं तसा ओढला,
आधी हलवून, सोंड मोकळी करून,
मग एका दमात.

आत कागदी फिल्टर.
मी जिनिंगमधला ग्रेडर. बावीस हंगाम
चिमटीत रुई ताणून धाग्याची लांबी सांगत आलोय.
बोटं आपोआप गेली:
ही वरची पिवळट, फरदडीची, मार्चातली.
खाली दिवाळीनंतरची, दुसऱ्या वेच्याची, स्वच्छ.
तिच्याखाली पावसात सापडलेली कवडी,
आणि त्याही खाली मागचा हंगाम, बोंडअळीचा, तपकिरी.
सरकीची टरफलं. एक माशी. कडुनिंबाचा वाळका फुलोरा.
घडी-घडीत सगळा बाजार जपला होता डब्यानं,
कुणी न सांगता,
पलीकडं इंजिनाला एक तंतू न देता.

मी खोकलो. रोजचाच.
"गाडीचा त भेटला," ताराचंद म्हणाला,
"आन तुमचा फिल्टर कोठी हाय?"
मी गळ्यातला दुपट्टा दाखवला.
तो हसला नाही.

नवा फिल्टर नागपूरहून पार्सलनं आलेला,
लाल, शंकूसारखा, बोटाला तेल लागणारा.
पाइप वाकवत वाकवत बंपरामागं नेला,
फॉगलाइटच्या रिकाम्या खोबणीपाशी,
कारण इंजिनाजवळची हवा म्हणजे भट्टीतली.
मधे आडोसा हवा, म्हणून
सरकी तेलाचा पंधरा किलोचा डबा कापला.
पत्र्यावरची अक्षरं उलटी बसली,
तेल खाली डोकं वर पाय.
जुना डबा त्यानं मागून घेतला,
कोंबडी बसवायला.

दुपारी चक्कर मारली. शेहेचाळीस.
आवाज मात्र नवा, घशातून येणारा;
इतकी वर्षं गाडी श्वास घेत होती
हे डब्यानं कधी आयकू दिलं नव्हतं.
बाकी फरक शून्य. चढावर तीच कुरकुर.
परत येऊन म्हटलं, अरे, थंड हवा कुठाय?
"भाऊ, पाइप म्या लावला," ताराचंद म्हणाला,
ढेकळावर बसून, कांदा फोडत,
"थंडी तुमी आना."

घरी पुष्पलता काही बोलली नाही,
फक्त कूलरच्या झडलेल्या ताट्यांकडं बघितलं,
मग चार हजार आठशेच्या पावतीकडं,
मग पुन्हा ताट्यांकडं.

रात्री तीनला उठलो. चप्पल हातात घेऊन निघालो.
रस्त्यावर एक कोल्हा आणि सिमेंटचे दोन ट्रक,
आणि वर्धेच्या पुलाआधी, उतारावर,
हवा एकदम बदलली,
माठाला गाल लावावा तशी.
खाली वाळूत डांगरवाड्या, पिकल्याचा वास.
तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला
आणि गाडीनं घेतला, घेतला, घेतच राहिली,
मी काच खाली करून
तोंड उघडं टाकून तिच्यासोबत,
अख्खा पूल, खोकला न येता.

त्या टोकाला बंद करून उतरलो.
बंपराखाली हात घातला. शंकू गार होता.
बोटाला काहीतरी लागलं, दोन तंतू, आधीच.
अंधारातच चिमटीत धरून ताणले.

एकोणतीस मिलिमीटर.
माल चांगला होता.