बिनपानाची बाग

एकशे अठ्ठावीस नंबरचा रस्ता समुद्राकडं जाताना
इतकी वळणं घेतो, की मथुराक्का म्हणाली,
ज्यानं आखला त्याला पोचायची घाई नव्हती.
तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू
आणि माझ्या नवऱ्यानं छापून दिलेला नकाशा,
ज्याची घडी तिनं अजून मोडली नव्हती.

फायलोच्या अलीकडं पहिली बाग दिसली.
"थांबव."
अक्का, वाइन चाखायची खोली पुढं आहे.
"खोली कुठं पळतीय? थांबव."

बागेत एक पान नव्हतं.
मार्चचा तिसरा आठवडा. निफाडला आत्ता
मांडवाखाली वाकून चालावं लागतं,
घड डोक्याला लागतात,
क्रेट, ट्रॅक्टर, व्यापाऱ्याचा फोन, एक डोळा आभाळाकडं.
इथं काळ्या खुंटांच्या रांगा,
आणि मध्ये मोहरी, पिवळीधमक.

अक्कानं खुंटावर हात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"गेलंय का गं हे?"
झोपलंय, मी म्हटलं. थंडीत झोपतात इथली.
थोड्या दिवसांत उठतील, आपली आपण.

छाटणी करणाऱ्या इलारिओला मराठी येत नव्हतं,
अक्काला स्पॅनिश नव्हतं,
पण कात्री दोघांना येत होती.
त्यानं दोन डोळे ठेवून काडी कापली.
तिनं तीन बोटं दाखवली.
त्यानं मान हलवली. दोनच.
"थॉमसनला सांगून बघ म्हणावं."
ह्याचं भाषांतर मी केलं नाही.

कापल्या जागी पाण्याचा थेंब आला,
फुगत गेला, पडला नाही.
अक्कानं तो करंगळीवर घेतला, जिभेला लावला.
पुढं त्या खोलीत निळ्या केसांची मुलगी
चेरी, ओली माती, जंगलातली अळंबी
अशी नावं घेत पाच ग्लास मांडत होती,
तेव्हा अक्कानं एकालाही हात लावला नाही.
"माझं चाखून झालं."

गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाली,
आपल्याकडं झाड झोपत नाही.
वर्षातून दोनदा कापतो. एप्रिलात खरड, ऑक्टोबरात गोडी.
डोळे फुटावेत म्हणून औषध चोळतो, हातमोजे घालून,
कातडीला लागलं की भाजतं ते.
चाळीस वर्षं.
पुढचं बोलली नाही. लाडू काढला, अर्धा मला दिला.

मेंडोसिनोत लाकडी घरं, घराघराशेजारी
पाण्याच्या उंच टाक्या, आता कोरड्या.
एका गल्लीत छोटं लाल देऊळ,
समुद्र ओलांडून आलेल्या चिनी माणसांनी बांधलेलं.
दाराला कुलूप. अक्कानं तरी बूट काढले,
काचेला नाक लावून आत पाहिलं.
"कशाचा देव?"
युद्धाचा, असं लिहिलंय.
"इतक्या लांब येऊन भांडायला त्राण कुठलं."

कड्यावर गाडी लावली. वाऱ्यानं दार उघडेना.
समुद्र करडा, खाली खडकाच्या पोटात
शिरून शिरून काहीतरी शोधणारा.
मी सांगितलं, देवमासे ह्याच दिवसांत उत्तरेला परततात,
त्यासाठीच आलोय आपण, नीट बघ,
पाण्याचा फवारा उडेल.
"हं," ती म्हणाली.

पहिला फवारा उडाला तेव्हा चार वाजून गेले होते.
मग दुसरा, बुटका. मग पाठ,
ओल्या दगडासारखी, वर आली आणि राहिली थोडी.
मी वळले.

अक्का झोपली होती.
तोंड जरा उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला,
एका बुटाची नाडी बांधायची राहिलेली.
पन्नास वर्षांत मी तिला
दिवसाउजेडी झोपलेलं पाहिलं नव्हतं.

शेजारच्या गाडीतली माणसं ओरडायला लागली,
तिकडं, तिकडं बघा,
मी काच वर केली.